मशीन वाढवा, वहिनी

आर्वीच्या एका कापड दुकानात गल्ल्यावर बसणारी बाई माझ्यामुळे गल्ल्यावरून उठली. चूक माझी होती, शिक्षा तिला झाली. ती शिक्षा सुनावली जात असताना मी समोर टाय लावून उभा होतो, आणि वर खोटं बोललो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे काही ठिकाणी हसू येईल, आणि हसताना वाचकाने मला भला माणूस समजू नये.

दोन हजार सालानंतरची तीन-चार वर्षं मी दुकानांमधून कार्ड घासायच्या मशिनी बसवत हिंडलो. लोक मला ‘बँकवाले साहेब’ म्हणत. मी बँकेचा नव्हतो. बँकेने एका कंपनीला काम दिलं होतं, त्या कंपनीने एका एजन्सीला, आणि त्या एजन्सीने मला. म्हणजे बँकेशी माझं नातं साधारण चुलत मावशीच्या जावयाइतकं होतं. पण लोक साहेब म्हणत आणि मी म्हणू देत असे. वर्ध्याहून एसटीने निघायचं, रेक्झिनच्या बॅगेत दोन मशिनी, कागदाचे रोल, फॉर्मांचा गठ्ठा. टाय खिशात. गाव आलं की स्टँडवरच्या पानठेल्याच्या आरशात पाहून तो बांधायचा. टाय गळ्याशी आला की माझी भाषाही बदलायची. घरी ‘मले भूक लागली’ म्हणणारा मी दुकानदारासमोर ‘आपल्या व्यवसायवृद्धीसाठी’ वगैरे बोलू लागायचो.

नागपूरला आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. पहिला दिवस जेवण कुठे आहे हे शोधण्यात गेला. दुसऱ्या दिवशी जे समजलं ते असं. गिऱ्हाइकाचं कार्ड घासलं की मशीन टेलिफोनच्या तारेवरून बँकेला विचारते, बँक त्या गिऱ्हाइकाच्या बँकेला विचारते, आणि तिकडून ‘हो’ किंवा ‘नाही’ येतं. ‘हो’ आलं की चिठ्ठी निघते, गिऱ्हाईक तिच्यावर सही करतं आणि साडी घेऊन जातं. पण तेवढ्याने दुकानदाराला पैसे मिळत नाहीत. त्या ‘हो’चा अर्थ एवढाच, की गिऱ्हाइकाच्या खात्यातली तेवढी रक्कम बाजूला दाबून ठेवली आहे. ती आणायची तर दुकानदाराने दिवसाच्या शेवटी मशिनीवर एक बटण दाबून दिवसभराचे सगळे सौदे एकदम बँकेकडे पाठवावे लागतात. याला सेटलमेंट किंवा बॅच बंद करणं म्हणतात. ते केलं नाही, तर दाबून ठेवलेले पैसे काही दिवस वाट पाहतात आणि मग कंटाळून गिऱ्हाइकाकडे परत जातात. दुकानदाराकडे साडी नाही, पैसा नाही, फक्त सहीची चिठ्ठी उरते.

हे सगळं मला नीट कळलं होतं. न कळून चूक केली असती तर आज हे लिहायला बसलो नसतो.

पहिल्याच आठवड्यात हिंगणघाटच्या एका भांडेवाल्याला मी सांगत होतो, ‘‘रात्री दुकान बंद करताना मशिनीची बॅचही बंद करायची.’’ तो एकदम उखडला.

‘‘बंद काऊन म्हनता वो? बोहनीच्या वक्ती तोंडातून काय काढून राह्यले?’’

‘‘म्हणजे, संध्याकाळी...’’

‘‘संध्याकाळी दुकान वाढवतेत, साहेब. बंद तं दिवाळं निघालं म्हंजे करतेत. तुमी टाय लावून आमचं दिवाळं काढाले आले का?’’

खरं होतं. आपल्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. दिवा विझवत नाहीत, बांगडी फुटत नाही, नारळ फोडत नाहीत, सगळं वाढवतात. बी.कॉम.च्या तीन वर्षांत हे कोणी शिकवलं नव्हतं. मी टायच्या टोकाने घाम पुसला आणि त्या दिवसापासून दुकानदारांना सांगू लागलो, ‘‘दुकान वाढवताना मशीनही वाढवायची.’’ मग बटण दाखवायचं, चिठ्ठी काढून दाखवायची. लोक खूश व्हायचे. साहेब आपल्यातला आहे म्हणायचे. मी स्वतःला भाषापंडित समजू लागलो.

आर्वीचं दुकान बाजारओळीत होतं. आष्टीपर्यंतची लग्नाची गिऱ्हाइकी तिथे यायची. मालकांना सगळे काकाजी म्हणत, पांढरा पायजमा, खिशाला दोन पेन, त्यातलं एक कायम वाळलेलं. बदलीवर आलेले डॉक्टर आणि साहेबलोक ‘कार्ड चालतं का?’ विचारून परत जातात, म्हणून त्यांनी मशीन मागवली होती. पण मशीन प्रत्यक्ष समोर आल्यावर ते दोन पावलं मागे सरले.

‘‘करंट तं नाई मारत?’’

‘‘नाही काकाजी.’’

‘‘इंग्रजीत बोलते का?’’

‘‘बोलत नाही, लिहिते. इंग्रजीत.’’

मुलगा खरेदीसाठी महिन्यातले पंधरा दिवस बाहेर. म्हणून सुनेला बोलावलं गेलं. ती बी.कॉम. होती, माझ्यासारखीच, फक्त तिचं पक्कं होतं. त्या दुकानात तीन पिढ्यांत गल्ल्यावर बाई बसली नव्हती. लक्ष्मी होती, पण फ्रेममध्ये. काकाजींनी बराच वेळ मशिनीकडे आणि सुनेकडे आलटूनपालटून पाहिलं, जणू दोन धोक्यांतला कमी कोणता ते ठरवत होते.

‘‘दिवाळीलोग बसजो सूनबाई,’’ ते म्हणाले. ‘‘जमलं तं मंग गल्ला तुह्याकडं. नाई जमलं तं नाई.’’

मी तिला वहिनी म्हणू लागलो. ती खुर्चीवर बसली अशी, की ही खुर्ची तिने लग्नाआधीपासून पाहून ठेवली असावी.

मशिनीला हळद-कुंकू लागलं. कार्ड घासायच्या फटीत कुंकू गेलं आणि मी ते माझ्या रुमालाच्या कोपऱ्याने काढत बसलो. नारळ वाढवला. मग पहिलं कार्ड माझंच घासून पाहिलं, तर मशीन नुसती गुरगुरली. फोनची तार एकच होती आणि वरच्या मजल्यावरच्या घरातून काकाजींच्या पत्नी त्याच तारेवरून बहिणीशी बोलत होत्या. काकाजी जिन्याखाली जाऊन ओरडले, ‘‘फोन ठेवा वो! बँक बोलून राह्यली!’’ वरून उत्तर आलं, ‘‘बँकेले म्हना दहा मिनिटानं बोल.’’

त्या दहा मिनिटांत माझी बस जवळ आली. चारची गाडी गेली की सहाशिवाय गाडी नव्हती. मी घाईत वहिनीला मशीन समजावून सांगितली, कार्ड कसं घासायचं, रक्कम कशी टाकायची, चिठ्ठी कुठून निघते, सही कशी ताडून पाहायची. ती प्रत्येक गोष्ट स्वतः करून पाहत होती. मग तिने विचारलं,

‘‘भाऊ, त्यायच्या बँकेनं हो म्हटलं, हे समजलं. पन मंग पैशे कोन आनते?’’

आजवर मी बसवलेल्या शे-दीडशे मशिनींमध्ये हा प्रश्न फक्त तिने विचारला. बाकी सगळे विचारायचे, बँक कापते किती. हिने नेमकं तिथे बोट ठेवलं, जिथे सेटलमेंटचं बटण होतं. मी घड्याळाकडे पाहिलं.

‘‘ते येतात दोन-तीन दिवसांत.’’

‘‘आपल्याच मनानं?’’

‘‘तुम्ही फक्त रात्री दुकान वाढवताना मशीनही वाढवायची. बस.’’

‘‘वाढवाची?’’

‘‘हो, वाढवायची.’’

बटण दाखवायचं राहिलं. चिठ्ठी काढून दाखवायची राहिली. प्रशिक्षणाचा पाच पानी इंग्रजी फॉर्म मी पुढे केला. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की मला सेटलमेंटसह सर्व काही शिकवण्यात आलं आहे. ती पहिलं पान वाचू लागली तेव्हा मी म्हणालो, ‘‘काही नाही हो वहिनी, नुसती पद्धत आहे. इथे सही.’’ तिने केली. मला गाडी मिळाली. खिडकीजवळची जागाही मिळाली.

दिवाळीची गिऱ्हाइकी जोरात झाली. वहिनीने मशीन अशी चालवली की लोक पाहायला यायचे. ‘हो’ यायला वेळ लागला की गिऱ्हाइकाला सांगायची, ‘‘थांबा, तुमची बँक पैशे मोजून राह्यली.’’ आणि रोज रात्री, मी सांगितल्याप्रमाणे, तिने मशीन वाढवली. म्हणजे दुकानातला दिवा वाढवतात तशी. हात जोडायचे, प्लग काढायचा, लाल कपड्यात गुंडाळायची, सकाळी पुन्हा उदबत्ती दाखवून लावायची. इतक्या इमानाने त्या मशिनीची सेवा बँकेच्या मुख्य कार्यालयातही कोणी केली नसेल. आणि एकही दिवस सेटलमेंट झालं नाही.

काकाजींनी पासबुक पाच आठवड्यांनी भरून आणलं. त्याआधी बँकेतलं छपाईचं यंत्र बिघडलेलं होतं, आणि कार्डाचे पैसे महिन्याकाठी येतात असं त्यांना कोणीतरी चौकात सांगितलं होतं. पासबुकात कार्डाचा एक रुपया नव्हता.

नागपूरहून माझे वरिष्ठ आले. मी त्यांच्याबरोबर. साहेबांनी मशिनीतून एक लांबलचक चिठ्ठी काढली, ती टेबलावरून खाली लोंबली.

‘‘सेटलमेंटच झालेलं नाही,’’ साहेब म्हणाले.

‘‘कायचं सेटलमेंट?’’ काकाजी भडकले. ‘‘आमचं कोनाशी भांडन नाई, कोर्टात केस नाई. सेटलमेंट कायले करू मी?’’

साहेबांनी त्यांना समजावून सांगितलं. मग माझ्याकडे वळले. ‘‘ट्रेनिंग दिलं होतंस?’’

माझ्याजवळ दोन उत्तरं होती. एक खरं होतं आणि त्यात माझी नोकरी जात होती. घरी नुकतीच मुलगी झाली होती, हेही सांगतो, पण ते कारण म्हणून नव्हे. कारण मी घाबरलो, एवढंच आहे.

‘‘दिलं होतं सर. फॉर्मवर सही आहे.’’

वहिनी गल्ल्यावरच बसली होती. ती म्हणाली, ‘‘भाऊ, तुमीच तं म्हटलं होतं, मशीन वाढवाची. मी रोज वाढवली.’’

साहेब हसले. दोन नोकर हसले. एक गिऱ्हाईक, ज्याला काही कळलं नव्हतं, तेही हसलं. त्या हसण्याचा मला आधार वाटला, आणि मी म्हणालो, ‘‘नाही वहिनी. मी सेटलमेंट म्हणालो होतो. तुमच्या लक्षात राहिलं नसेल.’’

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती आठवत होती. खरंच आपल्याच ऐकण्यात चूक झाली का, हे ती माझ्यासमोर प्रामाणिकपणे आठवून पाहत होती.

‘‘सही तुही हाय का नाई?’’ काकाजींनी विचारलं.

‘‘हाय.’’

‘‘मंग झालं.’’ त्यांनी गल्ल्याची किल्ली मागितली. तिने कमरेची काढून टेबलावर ठेवली आणि आत गेली. ‘‘बायांच्या हाती गल्ला देल्ला तं असंच होते,’’ काकाजी साहेबांना म्हणाले, आणि साहेबांनी मान हलवली. मीही हलवली. मान हलवायला पैसे पडत नाहीत.

पुढे जे झालं त्यात मी धावपळ बरीच केली, म्हणून मला काही काळ चांगलं वाटत असे. साहेबांनी उशिरा सेटलमेंट केलं. अलीकडचे सौदे पास झाले, जुने परत आले. परत आलेल्या चिठ्ठ्या घेऊन मी गिऱ्हाइकांच्या घरी गेलो. एका डॉक्टरीणबाईंनी दारातच पैसे दिले, वर चहा पाजला. आष्टीच्या एका निवृत्त ओव्हरसियरने मुलीच्या लग्नाचा सगळा बस्ता आर्वीहून घेतला होता. ते म्हणाले, ‘‘मले वाटलं, बँकेची दिवाळीची स्कीम हाय. मी तं गावभर सांगतलं.’’ मग मात्र मुकाट्याने दिले. एक साहेब बदलून गेले होते, ते सापडले नाहीत. शेवटी दोन साड्या आणि सफारीच्या एका कापडाइतकं नुकसान राहिलं. तेवढं काकाजींना सोसण्यासारखं होतं.

मला वाटलं होतं, पैसे आले की गल्लाही परत मिळेल. तसं झालं नाही. दुकानात मागच्या बाजूला फॉल-पिकोचं काम चालायचं. तीन बाया शिलाईच्या मशिनींवर बसायच्या. वहिनीला तिथे चौथी मशीन दिली. गल्ल्यावर काकाजी परत आले. आमची मशीन लाल कपड्यात कपाटावर चढली आणि दारावर कार्डाचं स्टिकर तसंच राहिलं. कोणी विचारलं की काकाजी म्हणायचे, ‘‘लाइन बंद हाय.’’ बंद हा शब्द आता त्यांना चालत होता.

वर्षभर मी इतर दुकानदारांचा जीव खाल्ला. एकेकाकडून तीन-तीन वेळा सेटलमेंट करून घ्यायचो. केळझरच्या एका प्रसादवाल्याने तर हात जोडले, ‘‘साहेब, दिवसभरात एक कार्ड घासलं, ते बी तुमचंच. किती डाव पाठवू?’’ एजन्सीने मला उत्कृष्ट कामाचं प्रमाणपत्र दिलं. ते मी ट्रंकेच्या तळाशी घातलं.

माफी मागायचे मी अनेक भेकड प्रकार केले. दिवाळीला मिठाईचा डबा पाठवला, नाव न घालता. तो काकाजींनी सुरतच्या व्यापाऱ्याचा समजून त्याला फोनवर धन्यवाद दिले, आणि त्यानेही ते घेतले. एकदा स्टँडवर वहिनीचा नवरा भेटला, त्याला म्हणालो, ‘‘तेव्हा थोडा गैरसमज झाला होता.’’ तो म्हणाला, ‘‘जाऊ द्या साहेब, तिचं ध्यानच नाई राहत.’’ म्हणजे माफी मागायला गेलो आणि तिच्या नावावर आणखी एक खोट लावून आलो. त्याच्या बोलण्याला ‘हो’ म्हटलं नाही, हाच काय तो माझा पराक्रम.

शेवटी एक दिवस बायकोला सगळं सांगितलं. वाटलं, ती समजूत काढेल. ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली.

‘‘मले सांगून काय होते?’’ ती म्हणाली. ‘‘तिले सांगा. आन तिच्या सासऱ्यासमोर सांगा. तिले एकटीले सांगसान तं ते बी चोरीच होईन.’’

मी गेलो तेव्हा दुपार होती. लग्नसराई चालू होती, दुकान भरलेलं होतं. एक कुटुंब गादीवर पसरून शालू पाहत होतं. गर्दी पाहून मी परत फिरणार होतो, नंतर येऊ म्हणून. मग लक्षात आलं, त्या दिवशी हसायलाही माणसं होती.

‘‘काकाजी, वहिनीले जरा बोलवा.’’

‘‘कायले?’’

‘‘तुमच्या दोघायसमोर बोलाचं हाय.’’

‘‘नवीन मशीन लावाची असन तं नाई लागत आमाले.’’

‘‘मशीन नाई. बोलवा तं खरं.’’

ती मागून आली. खांद्यावर हिरव्या दोऱ्याचा तुकडा चिकटलेला, बोटात अंगुस्तान. मला पाहून थांबली. मी काकाजींकडे तोंड करून सुरुवात केली, कारण ते सोपं होतं.

‘‘काकाजी, वहिनीची काही चूक नव्हती. मी यायले सेटलमेंट सांगतलंच नाई. दुकान वाढवतेत तशी मशीन वाढवा, एवढंच सांगतलं आन बस पकडाले पळालो. यायनं विचारलं होतं, पैशे कोन आनते म्हनून. मी सांगतलं नाई.’’

शालू पाहणारं कुटुंब शालू सोडून आमच्याकडे पाहू लागलं. काकाजींनी चष्मा काढला.

‘‘मंग सही?’’

‘‘सही मी न वाचू देता घेतली.’’

‘‘आन साहेबासमोर तुमी म्हटलं...’’

‘‘खोटं बोललो.’’

काकाजींनी चष्मा सदऱ्याला पुसला. मग सुनेकडे न पाहता म्हणाले, ‘‘म्हंजे वर्षभर आपन इले मांगं बसवलं ते...’’

‘‘ते आपन घरी बोलू, बाबाजी,’’ वहिनी म्हणाली. आवाज शांत होता, पण ते बोलणं टळणार नाही हे काकाजींनाही कळलं असावं, कारण त्यांनी चष्मा परत घातला. ‘‘आधी यायले बोलू द्या. हे अजून माह्यासंगं बोललेच नाई.’’

मी तिच्याकडे वळलो. बसमध्ये चार वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही आठवेना. कसंबसं काही पुटपुटलो.

‘‘ऐकू नाई आलं,’’ ती म्हणाली.

‘‘चुकलं माझं.’’

‘‘जोरानं म्हना, भाऊ. त्या दिवशी सगळ्यायले ऐकू जाईन असं म्हटलं होतं तुमी. मांगं तीन बाया हायत, त्यायले बी वर्षभर वाटून राह्यलं का हिचं ध्यान राहत नाई म्हनून. त्यायच्या मशिनी चालू हायत. त्यायले ऐकू गेलं पाह्यजे.’’

मागे शिलाईच्या मशिनींचा आवाज चालला होता. मी घसा खाकरला आणि भर दुकानात ओरडून म्हणालो,

‘‘वहिनी, तुमी बरोबर ऐकलं होतं. बरोबर केलं होतं. मी चुकलो, आन माही चूक तुमच्यावर लोटली. मले माफ करा.’’